सनावळीकडून संकल्पनेकडे : होशंगाबादचा प्रयोग आणि माळव्याच्या इतिहासाचा एक पाठ

इंदूरच्या राजेंद्र नगरासारख्या मराठी वस्तीतून फिरताना घरांच्या पाट्यांवर फडणीस, चिटणीस, पोतदार, मुजुमदार, इनामदार यांसारखी आडनावे सहज भेटतात. पुण्यात, साताऱ्यात किंवा सोलापुरात मुस्लिम मोहल्ल्यातून गेल्यास इनामदार, देशमुख, मुजावर, मुलाणी, काझी ही आडनावे भेटतात. दोन्हींकडच्या मुलांना शाळेत 'मध्ययुगीन भारत' शिकवला जातो. त्यात लढायांची वर्षे असतात, राजांचे वंशवृक्ष असतात, प्रशासनाची कोष्टके असतात. परंतु 'तुझे आडनाव कोठून आले?' हा प्रश्न त्या धड्यात कोठेही नसतो. फडणीस म्हणजे फर्द-नवीस, हिशेबाच्या फर्दी लिहिणारा. मुजुमदार म्हणजे मजमूआदार, जमाखर्चाचा मेळ ठेवणारा. इनाम म्हणजे सरकारने महसूल माफ करून दिलेली जमीन. फारसी दप्तरातले हे शब्द मराठी घरांच्या दारावर दोन-तीनशे वर्षे लटकलेले आहेत, आणि मूल मात्र त्याच दाराखालून 'मुघलकालीन महसूल पद्धतीची पाच वैशिष्ट्ये' पाठ करत शाळेला जाते.

महाविद्यालयात प्रथम वर्षाला इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला याचा अनुभव आहे. विद्यार्थ्याजवळ माहिती असते, पण ती कशाला टांगावी ही खुंटी नसते. शालेय अभ्यासक्रम तथ्यांच्या यादीऐवजी संकल्पनांभोवती उभारता येईल काय, हा प्रश्न यातूनच येतो. तो नवा नाही. माळव्याला लागून असलेल्या नर्मदाकाठच्या जिल्ह्यात त्याचे उत्तर तीस वर्षे प्रत्यक्ष वर्गांत शोधले गेले. प्रस्तुत लेखात त्या प्रयोगाचा आढावा घेऊन, इतिहासाच्या शिक्षकाला आणि विशेषतः आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्थांना त्यातून काय घेता येईल, याचा विचार केला आहे.

होशंगाबाद : १९७२ ते २००२

सन १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी मध्य प्रदेश शासनाच्या परवानगीने होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा ग्रामीण माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. (२०२२ पासून या जिल्ह्याचे नाव नर्मदापुरम आहे.) किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे स्वतः संशोधक होते. दिल्ली विद्यापीठातील अध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ यात सहभागी झाले. त्यांतील काहींनी त्याआधी मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगातून भौतिकशास्त्र शिकवण्याचा उपक्रम केलेला होता. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यातील दोनशेहून अधिक शाळांत पोहोचला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन आलेला एक अभियंता आठवडी बाजारातील वस्तू पाहता पाहता सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून भूमितीच्या आकृत्या बनवू लागला. ते अरविंद गुप्ता. पुढे पुण्यातील त्यांचे काम महाराष्ट्राला परिचित आहेच. १९८२ मध्ये 'एकलव्य' संस्था स्थापन झाली आणि कार्यक्रमाची जबाबदारी तिच्याकडे आली. देवास, उज्जैन अशा माळव्यातील भागांतही काम पसरले.

'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात व्याख्या जवळजवळ नव्हत्या. प्रयोग होते आणि प्रश्न होते. मुले चार-चारांच्या टोळ्या करून प्रयोग करत, निरीक्षणे वहीत लिहीत, आणि मग वर्गात चर्चा होऊन निष्कर्ष निघे. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवण्याची मुभा होती, कारण जे पुस्तकात पाहून उतरवता येत नाही तेच विचारले जाई. इतिहासाच्या शिक्षकाने यातील एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. सुरुवातीलाच मुलांना वस्तूंचे गट पाडायला शिकवले जाई. पाने, बिया, दगड जमवायचे आणि गट करायचे. कोणी रंगावरून करी, कोणी कडांवरून, कोणी शिरांच्या जाळ्यावरून. पाने तीच, गट वेगळे. गट निसर्गातून तयार होऊन येत नाहीत, निकष आपण निवडतो आणि निकष बदलला की एकाच पानाचे सोबती बदलतात, हे अकरा वर्षांच्या मुलाला हाताने कळत होते.

इतिहासात हे कोणी शिकवले आहे काय? जेम्स मिलने १८१७ साली आपल्या ग्रंथात भारताच्या भूतकाळाचे हिंदू, मुस्लिम आणि ब्रिटिश असे तीन गट पाडले. मिल भारतात कधी आला नव्हता. निकष राज्यकर्त्याचा धर्म हा होता, आणि तोही पहिल्या दोन गटांपुरताच, कारण तिसऱ्या गटाला त्याने 'ख्रिस्ती' म्हटले नाही. पुढे नावे बदलून प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक अशी झाली, पण सीमारेषा बहुतांशी तेथेच राहिल्या. म्हणजे 'आम्ही फक्त तथ्ये शिकवतो, संकल्पना नको' असे म्हणणारा शिक्षकही एक संकल्पना शिकवतच असतो. ती पेटीसारखी असते, तथ्ये तिच्यात भरलेली असतात, आणि मुलाला पेटी दिसत नाही. 'तथ्ये की संकल्पना' हा वाद म्हणूनच मला चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. पेटी उघड दाखवायची की लपवायची, हा खरा प्रश्न आहे.

एकलव्यने १९८० च्या दशकात सामाजिक अध्ययनाकडे मोर्चा वळवला. सहावी ते आठवीसाठी इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्राची पुस्तके तयार झाली आणि १९८६ पासून मोजक्या शासकीय शाळांत वापरली गेली. विज्ञानाप्रमाणे येथे प्रयोगशाळा नव्हती, तेव्हा तिची जागा कशाने घ्यायची हा पेच होता. त्यांनी दिलेले उत्तर असे : लहान परिच्छेदांत दाटलेली माहिती सोडून थोड्या विषयांवर दीर्घ, कथेसारखे वर्णन द्यायचे, चित्रे वाचायला लावायची, मजकुराच्या मध्येच प्रश्न विचारायचे, आणि मुलाच्या गावाशी तुलना करायला लावायची. यासाठी बराच मजकूर वगळावा लागला, आणि काय वगळायचे यावर सर्वांत जास्त वाद झाले असणार हे पाठ्यपुस्तक मंडळावर काम केलेला कोणीही सांगेल.

याच परंपरेतील एक पुस्तक आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असावे असे सुचवावेसे वाटते. अ‍ॅलेक्स एम. जॉर्ज यांनी मुलांच्या मनात 'सरकार' म्हणजे काय असते याचा अभ्यास केला आणि एकलव्यने तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. नागरिकशास्त्राचे पुस्तक विधिमंडळ, कार्यपालिका, न्यायपालिका यांची कलमे सांगत राहते, आणि मुलाच्या डोक्यात सरकारचे जे चित्र आधीपासून असते त्याला हातही लागत नाही. संकल्पनेवर आधारलेल्या अध्यापनाची सुरुवात मुलाच्या जुन्या संकल्पनेपासून होते, हे त्यातून कळते.

प्रयोग कसा थांबला

जुलै २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने होशंगाबाद विज्ञानाचा कार्यक्रम बंद केला. सामाजिक अध्ययनाचा कार्यक्रमही त्याच सुमारास थांबला. जिल्हा नियोजन समितीने तशी शिफारस केली होती. या जिल्ह्यातील मुलांनीच राज्यापेक्षा वेगळे पुस्तक का शिकावे, आणि पुढे दहावीच्या परीक्षेत ती मागे पडतात, असे आक्षेप होते. देशभरातील शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही.

या घटनेकडे केवळ राजकारण म्हणून पाहणे सोयीचे आहे, पण ते पुरेसे नाही. सहावी ते आठवी एका पद्धतीने शिकायचे आणि नववीपासून घोकंपट्टीच्या परीक्षेला बसायचे, ही कोंडी पालकांना दिसत होती. पालकांची भीती खोटी नव्हती. आपल्या समाजातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचा बाप रिक्षा चालवत असेल तर त्याला मुलाच्या आकलनापेक्षा गुणपत्रिका जवळची वाटणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. अमेरिकेतही जेरोम ब्रूनर यांनी विषयाची मूळ रचना शिकवावी, असा आग्रह १९६० साली धरला आणि त्यातून 'माणूस : एक अभ्यासक्रम' हा शालेय उपक्रम निघाला. १९७५ मध्ये तेथील संसदेत त्यावर हल्ला झाला आणि निधी आटला. होशंगाबादचे तीस वर्षे टिकणे त्या मानाने मोठेच म्हणावे लागेल. त्याचा काही अंश २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आणि त्यानंतरच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांत उतरला. सातवीच्या इतिहासाच्या त्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात अल-इद्रिसीचा ११५४ सालचा नकाशा होता, ज्यात दक्षिण वर आहे. 'परदेशी' हा शब्द मध्ययुगात गावाबाहेरून आलेल्या कोणाही अनोळखी माणसाला लावला जाई, हेही त्यात सांगितलेले होते. 'परदेशी आक्रमक' हा शब्दप्रयोग ऐकत वाढलेल्या मुलासाठी एवढे एक वाक्य दहा पानांच्या खंडनापेक्षा अधिक काम करते.

यादीत नावे वाढवून काय होते?

येथे आपल्याच घरातील एका सवयीविषयी बोलणे भाग आहे. पाठ्यपुस्तकात मुस्लिमांचे चित्रण एकांगी आहे असे वाटले की आपण दुसरी यादी तयार करतो. शिवाजी महाराजांच्या आरमारातील दौलतखान, त्यांच्याकडील सिद्दी हिलाल, काझी हैदर अशी नावे सांगतो. व्याख्यानांत, स्मरणिकांत, अशा नियतकालिकांतही या याद्या छापून येतात. ही नावे इतिहासात आहेत आणि ती सांगितलीच पाहिजेत. परंतु यादीला यादीने उत्तर दिले की पेटी तशीच राहते. समोरचा दुसऱ्या बाजूची यादी काढतो, आणि विद्यार्थी एवढेच शिकतो की इतिहास म्हणजे दोन धर्मांची गुणपत्रिका.

एक आकडा पाहू. एम. अथर अली यांनी औरंगजेबकालीन उमरावांवरील आपल्या १९६६ च्या ग्रंथात दाखवले आहे की, एक हजार व त्यावरील जात मनसब असलेल्यांत हिंदूंचे प्रमाण १६५८ ते १६७८ या काळात २१.६ टक्के होते, तर १६७९ ते १७०७ या काळात ३१.६ टक्के. जिझिया पुन्हा बसवला तो १६७९ मध्ये, आणि त्याच काळात हिंदू मनसबदारांचे प्रमाण वाढले. व्याख्यानात हा आकडा टाळ्या घेतो. त्यावरून बादशहा सहिष्णू ठरवायचा, की जिझियावरून असहिष्णू? दोन्ही उत्तरे उथळ आहेत. दख्खनच्या युद्धात विरोधी बाजूचे सरदार, त्यांत अनेक मराठे, मनसबी देऊन फोडले जात होते. मनसब म्हणजे काय, तिच्यासोबत जहागीर का येते, जहागिरी अपुऱ्या पडल्या की काय होते, हे कळल्याशिवाय आकडा मुका राहतो. ते कळले की आकडा बोलतो, आणि बादशहाच्या मनाबद्दल नव्हे, राज्यसंस्थेच्या गरजेबद्दल बोलतो.

माळव्याचा एक पाठ

संकल्पना धरून पाठ कसा करावा याचे उदाहरण राजेंद्र नगरच्या मुलासाठी घराजवळच आहे. हे मूल घरी मराठ्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकते आणि शाळेत हिंदी पुस्तकातून मध्य प्रदेशाचा इतिहास शिकते. दोहोंत माळवा येतो, पण दोन्ही माळवे एकमेकांना भेटत नाहीत.

नोव्हेंबर १७२८ मध्ये धारजवळ अमझेरा येथे चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याच्या मुघल सुभेदाराचा पराभव केला आणि तो मारला गेला. त्याचे नाव गिरिधर बहादूर, जातीने नागर ब्राह्मण. पुढे १७३७ च्या अखेरीस भोपाळजवळ बाजीरावांनी निजामाला कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराई सराय येथे निजामाने माळवा देण्याचे कबूल केले. बाजीराव १७४० मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडी येथे वारले. सन १७४१ मध्ये मुघल बादशहाच्या फर्मानाने पेशवे नानासाहेबांना माळव्याची नायब सुभेदारी मिळाली. सुभेदारी नावापुरती शहजाद्याकडे राहिली.

सनावळीच्या पद्धतीत हे चार मुद्दे झाले आणि धडा संपला. आता वर्गासमोर एक प्रश्न ठेवावा : ज्यांनी तलवारीने मुलूख घेतला, दिल्लीची ताकद ज्यांच्यासमोर उरली नव्हती, विशेषतः १७३९ मध्ये नादिरशहाने ती धुळीला मिळवल्यानंतर, त्यांना बादशहाचा कागद कशाला हवा होता? आणि तोही सुभेदाराचा नव्हे, नायबाचा?

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात तयार उत्तर नाही. विद्यार्थी आधी म्हणतील, मान म्हणून. मग कोणी म्हणेल, लोकांनी मानावे म्हणून. येथून 'सत्ता' आणि 'अधिमान्यता' हा भेद निघतो. पुढचा प्रश्न : महसूल वसूल करायला जो माणूस गावात जातो त्याला कागद काय कामाचा? परगण्यात पिढ्यान्‌पिढ्या बसलेले चौधरी, कानुंगो, मंडलोई यांच्या हातात जमिनीची माहिती होती, आणि त्यांचे स्वतःचे हक्कही सनदांवर उभे होते. सनदांची साखळी तोडणे नव्या राज्यकर्त्यालाही परवडणारे नव्हते. स्ट्यूअर्ट गॉर्डन यांनी १९७७ च्या एका निबंधात पेशवे दप्तरातील कागदांवरून माळव्याचे हे संथ विलीनीकरण मांडले आहे. स्वाऱ्यांपासून खंडणी, खंडणीपासून ठरावीक वाटा, मग कमाविसदार, मग नियमित जमाबंदी. तीन-चार दशके चाललेली ही प्रक्रिया होती. परगणा तोच राहिला, दप्तराचे शब्द पुष्कळसे तेच राहिले, लिपी मोडी झाली. फडणीस, पोतदार, मुजुमदार हे शब्द याच दप्तरातून घरांच्या पाट्यांवर आले, हे मुलाला येथे सांगावे. किंबहुना बरेचदा तेच सांगेल.

यात गिरिधर बहादूर ब्राह्मण होता हे तथ्य कोठे बसते? 'पाहा, मुघलांकडेही ब्राह्मण होते' एवढ्यासाठी ते वापरले तर आपण पुन्हा यादीत आलो. त्याचा उपयोग असा की धर्माचा निकष लावून पाडलेले गट या घटनेला पुरत नाहीत, हे विद्यार्थ्याला दिसते आणि तो दुसरा निकष शोधू लागतो. पानांचे गट पाडणाऱ्या मुलासारखा.

तथ्यांची बाजू

एवढे वाचून कोणी असे समजू नये की सनावळी टाकून द्यावी. १७३८, १७३९, १७४१ हा क्रम माहीत नसेल तर वरचा प्रश्न उभाच राहत नाही. तथ्यांशिवाय संकल्पना ही घोषणा बनते. 'संमिश्र संस्कृती', 'सहिष्णुता', 'राष्ट्रीय एकात्मता' हे शब्द आपल्याकडे असेच वापरले गेले, आणि मुलांनी त्यांच्याही पाच-पाच ओळी पाठ केल्या.

इब्न खल्दूनचे येथे स्मरण होते. त्याने १३७७ मध्ये लिहिलेला 'मुकद्दिमा' इतिहासकारांच्या याच दोषापासून सुरू होतो : ऐकीव वृत्तान्त पुढे नेत राहणे आणि समाजाच्या स्वभावाच्या कसोटीवर ते न घासणे. राज्ये का उभी राहतात आणि का ढासळतात हे समजण्यासाठी त्याने 'असबिया' म्हणजे समूहातील बांधिलकी ही संकल्पना मांडली, आणि ती बर्बर व अरब घराण्यांच्या इतिहासावर तपासली. शिक्षणाविषयीही त्याने लिहिले आहे. ग्रंथांचे सार काढून केलेल्या आटोपशीर पुस्तिका विद्यार्थ्याचे नुकसान करतात, कारण नवशिक्यापुढे निष्कर्ष आधी येतात आणि त्यांपर्यंत पोहोचण्याची वाट दिसत नाही. विषय तीन फेऱ्यांत शिकवावा : पहिल्यांदा ढोबळ, दुसऱ्यांदा मतभेदांसह, तिसऱ्यांदा काहीही अवघड न सोडता. ब्रूनर यांचा चक्राकार अभ्यासक्रम याहून फार वेगळा नाही, असे मला वाटते. विद्यार्थ्यांवर कठोरपणा केल्याने ती खोटे बोलायला शिकतात, असेही त्याने बजावले आहे. आपल्या मदरशांत आणि शाळांत या प्रकरणाचे वाचन व्हावयास हवे होते. बाजारातली गाईडे पाहिली की सार-पुस्तिकांविषयीची त्याची तक्रार आठवतेच.

अलीकडच्या काही घटनांनी आणखी एक गुंता निर्माण केला आहे. मुलांवरील ओझे कमी करावे हे १९९३ च्या यशपाल समितीचे म्हणणे होते, कारण तिच्या मते खरे ओझे न समजण्याचे होते. पुढे 'ओझे कमी' हेच कारण देऊन मजकूर गळू लागला. २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या सातवीच्या पुस्तकात मुघल व सुलतानकालीन भाग बराच आटला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबारांवरील प्रकरण गेले. २०२४ पासून आलेली एनसीईआरटीची नवी सामाजिक शास्त्राची पुस्तके विषयसूत्रांभोवतीच रचलेली आहेत. २०२५ च्या सातवीच्या पहिल्या भागात सुलतान व मुघल नव्हते, आठवीच्या पुस्तकात ते आले, पण कोणत्या सूत्राखाली आणि कोणत्या विशेषणांसह आले हे प्रत्येक शिक्षकाने स्वतः वाचून पाहावे. अभ्यासक्रम संकल्पनांभोवती रचला म्हणजे तो आपोआप न्याय्य होतो असे नाही. संकल्पना कोणी निवडली, आणि विद्यार्थ्याला ती तपासण्याची मोकळीक आहे काय, यावर सारे अवलंबून आहे.

महाविद्यालयाच्या वर्गात

शालेय पुस्तके आपल्या हातात नाहीत. विद्यापीठाची प्रश्नपत्रिकाही बहुधा नसते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मात्र आपल्याकडे असतात, आणि होशंगाबादचा धडा असा की परीक्षा न बदलता पुस्तक बदलले तर ते टिकत नाही. तेव्हा सुरुवात तेथून करता येईल. एका सत्रात एक पुस्तक-उघडी चाचणी ठेवावी. वर दिलेला १७४१ चा प्रश्न चालेल. कोकणातील महाविद्यालय असेल तर जंजिऱ्याच्या सिद्दीचा प्रश्न घ्यावा : तो विजापूरकडून मुघलांकडे गेला तेव्हा नेमके काय बदलले आणि काय तसेच राहिले? सोबत विद्यार्थ्यांना आपल्या मोहल्ल्यातील दहा आडनावे गोळा करून आणायला सांगावीत आणि ती कोणत्या कामावरून, गावावरून किंवा हक्कावरून पडली याचे गट पाडायला लावावेत. निकष त्यांनीच ठरवावा. पहिल्या वेळी बहुतेक जण धर्मावरून गट पाडतील. मग इनामदार आणि देशमुख ही आडनावे दोन्ही रकान्यांत येतील, आणि वर्गात चर्चा सुरू होईल.